‘इट’ला मधली जागा द्या



इंग्रजी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठे शब्द उभे राहतात. पण खरे सांगायचे तर मोठ्या शब्दांनी आपल्याला फारसे अडवलेले नाही. ॲप्लिकेशन, सर्टिफिकेट, ट्रान्सफर, ओव्हरटाइम, सस्पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड हे शब्द ज्यांनी कधी शाळेची पायरी चढली नाही अशा माणसांच्याही तोंडी सहज बसले. आपल्याला अडवतात ते अगदी चिमुकले शब्द. अप, डाऊन, ऑन, ऑफ, इन, आऊट. आणि त्यांच्या जोडीला इट, देम, हिम, हर.

आज या चिमुकल्या शब्दांविषयीच बोलू. त्यातही एकच नियम घेऊ. नियम लहान आहे. एका संध्याकाळी समजतो, आणि आठवडाभर जिभेवर घोळवला की आयुष्यभर पुरतो.

पुष्कळ घरांत असे घडते. मुलगी इंग्रजी शाळेत जाते. तिचा पेन जमिनीवर पडलेला असतो. आई हौसेने म्हणते, ‘पिक अप द पेन.’ वाक्य अगदी बरोबर. मुलगी लक्ष देत नाही. मग आई पुन्हा म्हणते, ‘पिक अप इट.’ मुलगी खुदकन हसते. ‘असे नाही म्हणत गं आई, पिक इट अप म्हणायचे.’ आई विचारते, ‘का?’ मुलीला सांगता येत नाही. ‘आमच्या टीचर तसेच म्हणतात,’ एवढेच तिचे उत्तर.

आईचा प्रश्न रास्त आहे. ‘पिक अप द पेन’ चालते, मग ‘पिक अप इट’ का चालत नाही? या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आपल्या आवाक्यातले आहे.

नियम काय आहे?

इंग्रजीत क्रियापदाला एक लहान शब्द जोडून नवी क्रिया तयार करतात. ‘पिक’ म्हणजे निवडणे किंवा तोडणे, पण ‘पिक अप’ म्हणजे उचलणे. ‘टर्न’ म्हणजे वळणे, पण ‘टर्न ऑफ’ म्हणजे बंद करणे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, पण ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे. अशा जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. आपण तिला जोड-क्रियापद म्हणू.

आता ज्या वस्तूवर क्रिया होते तिचे नाव घेतले, तर ते दोन ठिकाणी बसू शकते. ‘टर्न ऑफ द फॅन’ म्हणा किंवा ‘टर्न द फॅन ऑफ’ म्हणा. दोन्ही बरोबर. ‘टेक ऑफ युवर शूज’ म्हणा किंवा ‘टेक युवर शूज ऑफ’ म्हणा. काही बिघडत नाही.

पण नावाऐवजी सर्वनाम आले, म्हणजे इट, देम, हिम, हर, मी, यू, अस यांपैकी काही आले, की ही मोकळीक संपते. सर्वनाम मधेच बसले पाहिजे. ‘टर्न इट ऑफ.’ ‘टेक देम ऑफ.’ ‘टर्न ऑफ इट’ किंवा ‘टेक ऑफ देम’ असे कोणी इंग्रज म्हणत नाही. धिस आणि दॅट यांचाही कल मधल्या जागेकडेच असतो. ‘राइट दॅट डाऊन’ म्हणजे ते लिहून घे.

थोडक्यात, नावाला दोन जागा, सर्वनामाला एकच. ती मधली.

कामावर हे रोज लागते

हा नियम केवळ परीक्षेतल्या एका गुणाचा नाही. आपली माणसे जिथे जिथे राबतात तिथे ही वाक्ये कानावर येतात आणि बोलावीही लागतात.

सोसायटीच्या फाटकावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला फोन करून विचारावे लागते, ‘शाल आय लेट हिम इन?’ म्हणजे त्यांना आत सोडू का? इथे ‘लेट इन हिम’ चालत नाही. रुग्णालयात मावशींना सिस्टर सांगते, ‘वेक हर अप.’ तिला उठवा. कारखान्यात परप्रांतीय इंजिनिअर यंत्राकडे बोट दाखवून ओरडतो, ‘स्विच इट ऑफ!’ बँकेत फॉर्म हातात ठेवून सांगतात, ‘फिल इट इन अँड ब्रिंग इट बॅक.’ भरा आणि परत आणून द्या. फोनवर काम करणारी आपली मुले-मुली दिवसभर म्हणतात, ‘आय विल कॉल यू बॅक.’ मी तुम्हाला परत फोन करतो. किंवा, ‘आय विल पुट यू थ्रू.’ तुमचा फोन जोडून देतो.

यात आणखी एक अडचण आहे ती ऐकण्याची. इंग्रजी बोलणारा माणूस ही तीन शब्दांची ओळ तोडून बोलत नाही. ‘पिक इट अप’ हे कानाला ‘पिकिटप’ असे ऐकू येते. ‘टेक इट ऑफ’चे ‘टेकिटॉफ’ होते. ‘पुट देम ऑन’चे ‘पुटेमॉन’ होते. ऐकणारा मनात शोधत बसतो की हा ‘पिकिटप’ कोणता नवा शब्द! तो शब्द नवा नाही. मधे ‘इट’ दबून बसलेला आहे. एवढे ठाऊक असले की पुढच्या वेळी कान तो बरोबर पकडतो.

मधेच का?

आता आईच्या ‘का’ला उत्तर देऊ.

‘इट’ म्हणजे काय? ज्या वस्तूविषयी आधीच बोलणे झालेले आहे, जी दोघांनाही ठाऊक आहे, ती. त्यात नवे काही नाही. म्हणून बोलताना ‘इट’वर जोर येत नाही. तो हलका शब्द आहे. इंग्रजी वाक्याची शेवटची जागा मात्र जोराची असते. तिथे वजनदार शब्द शोभतो. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना आवाज ‘ऑफ’वर चढतो, कारण सांगायची खरी गोष्ट तीच आहे. हलका ‘इट’ क्रियापदाला टेकून मधे बसतो आणि शेवटची जागा ‘ऑफ’ला सोडतो.

म्हणूनच नाव जितके लांब तितके ते शेवटाकडे सरकते. ‘तुझ्या मामाने नागपूरहून आणलेला लाल सदरा घाल’ हे इंग्रजीत सांगायचे असेल तर ‘पुट ऑन’ आधी उरकून घेतात आणि एवढा लांब सदरा मागून आणतात. ‘पुट’ म्हणायचे, मग नागपूरपर्यंत जाऊन यायचे आणि शेवटी ‘ऑन’ म्हणायचे, तोवर ऐकणारा कंटाळून जाईल. हलके आधी, जड मागून. ऑटो बेहागेल या जर्मन भाषापंडिताने १९०९ साली हेच तत्त्व मांडले होते की वाक्यात लहान घटक आधी आणि लांब घटक नंतर येण्याकडे भाषेचा कल असतो.

हे ध्यानात आले तर अपवादही कळतो. दोन सर्वनामे जोडून वजन वाढले, जसे ‘हिम अँड हर’, तर ती शेवटी आलेली चालतात. पण अशी वेळ क्वचित येते. रोजच्या बोलण्यासाठी मधली जागा हीच पक्की धरावी.

मराठीतही हेच आहे

कोणी म्हणेल, काय ही विचित्र भाषा, एक क्रियापद आणि त्याचे दोन तुकडे! पण आपल्या मायबोलीकडे पाहा.

‘तो पैसे हरवून बसला.’ परक्या माणसाने विचारले की तो तर उभा आहे, मग बसला कसा, तर आपण काय सांगणार? ‘लिहून काढ’ म्हणतो तेव्हा कशातून काय काढायचे असते? ‘फेकून दे’ म्हणतो तेव्हा कोणाला द्यायचे असते? आपणही दोन क्रियापदे जोडून तिसराच अर्थ तयार करतो आणि त्याचा विचारही करत नाही.

शिवाय आपणही ती जोडी मधे फोडतो. ‘सोडून दे’ची ‘सोडूनच दे’ होते, ‘सोडून नको देऊस’ होते. ‘च’ आणि ‘नको’ मधे शिरतात. पण मधे काय शिरावे याचा नियम मात्र कडक आहे. ‘त्याला सोडून दे’ म्हणजे त्याला मोकळा कर. ‘सोडून त्याला दे’ म्हणजे गाठ सोडून वस्तू त्याच्या हातात दे. शब्द तेच, जागा बदलली, अर्थ बदलला. हे आपल्याला कोणत्या मास्तरांनी शिकवले? कोणीच नाही. आईच्या मांडीवर कानाने शिकलो. इंग्रजांची मुलेही ‘पिक इट अप’ अशीच शिकतात. त्यांना व्याकरण विचारले तर तीही गोंधळतील.

जर्मन भाषेत तर याहून मोठी फोड होते. तिथे क्रियापदाचा छोटा तुकडा तुटून पार वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. इंग्रजी ही तिचीच नातलग आहे, तेव्हा ही खोड घराण्यातलीच म्हणायची.

हे शब्द आले कुठून?

या जोड-क्रियापदांची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर बराच काळ दरबाराची भाषा फ्रेंच राहिली, विद्येची भाषा लॅटिन राहिली, आणि नांगरामागची, चुलीपुढची माणसे इंग्रजी बोलत राहिली. त्यामुळे आज इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी पुष्कळदा दोन शब्द सापडतात. एक लॅटिन-फ्रेंच वळणाचा भारदस्त, दुसरा घरगुती. आग विझवणे म्हणजे ‘एक्स्टिंग्विश’, घरगुती बोलीत ‘पुट आऊट’. पुढे ढकलणे म्हणजे ‘पोस्टपोन’, घरगुती बोलीत ‘पुट ऑफ’. सहन करणे म्हणजे ‘टॉलरेट’, घरगुती बोलीत ‘पुट अप विथ’.

आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरीतून, न्यायालयातून आणि पाठ्यपुस्तकातून. म्हणून आपल्याला ‘पोस्टपोन’ ठाऊक असते, ‘पुट इट ऑफ’ ठाऊक नसते. इतकेच नव्हे, ‘पोस्टपोन’च्या उलट ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्या देशात असा रूढ झाला की तो इंग्रजी शब्दकोशातही गेला. खुद्द इंग्रज मात्र तिथे ‘ब्रिंग इट फॉरवर्ड’ असे साधे बोलतात. इथेही ‘इट’ मधेच आहे हे ध्यानात घ्या.

तेव्हा जे शब्द आपल्याला परके वाटतात ते तिथल्या साध्या माणसांच्या तोंडचे आहेत. ते शिकायला पंडित व्हावे लागत नाही. सॅम्युअल जॉन्सन या कोशकाराने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच मान्य केले आहे की इंग्रजी शिकणाऱ्या परक्यांना याच जोड-क्रियापदांची अडचण सर्वांत मोठी वाटते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ उशिरा, १९२५ साली, लोगन पिअर्सॉल स्मिथ याच्या पुस्तकामुळे रूढ झाले. म्हणजे अडखळणारे आपण काही पहिले नाही.

सावधान! सगळ्याच जोड्या फुटत नाहीत

नियम शिकला म्हणून सगळीकडे लावू नये. काही जोड्या फुटतच नाहीत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. तिथे ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणायचे. ‘लुक हर आफ्टर’ चूक. ‘वेट फॉर मी’, ‘लुक ॲट इट’, ‘लिसन टू हिम’ या सगळ्यांत सर्वनाम शेवटीच येते. ‘पुट अप विथ’सारखी तीन शब्दांची जोडीही बहुधा फुटत नाही. ‘आय कॅनॉट पुट अप विथ इट.’ हे मी सहन करू शकत नाही.

मग ओळखायचे कसे? एक सोपी कसोटी सांगतो. क्रिया झाल्यावर ती वस्तू त्या छोट्या शब्दाच्या स्थितीत गेली का ते पाहा. पंखा टर्न ऑफ केला, आता पंखा ऑफ आहे. पेन पिक अप केला, आता पेन अप म्हणजे वर आहे. चप्पल टेक ऑफ केली, आता ती पायातून निघालेली आहे. अशी जोडी फुटते, आणि ‘इट’ मधे बसतो. पण बाळाकडे ‘लुक ॲट’ केले तर बाळ काही ‘ॲट’ झाले नाही. बसची ‘वेट फॉर’ केली तर बस ‘फॉर’ झाली नाही. अशी जोडी फुटत नाही.

ही कसोटी दर वेळी लागू पडत नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, तिथे ‘अप’चा वर जाण्याशी संबंध दिसत नाही, तरी ‘गिव्ह इट अप’ असेच म्हणतात. शंका आली की शब्दकोश उघडावा. परक्यांसाठी केलेल्या ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत जी जोडी फुटते तिच्या मधे दोन्ही टोकांचा छोटा बाण छापलेला असतो. तो बाण दिसला की समजावे, इथे ‘इट’ला मधे जागा आहे. हा कोश ए. एस. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना आलेल्या अनुभवातून तयार केला. तो आपल्यासारख्यांसाठीच आहे. मुलांच्या खाऊच्या पैशांत थोडी भर घालून असा एक कोश घरात आणावा.

कधी कधी जागा चुकली तर अर्थच उलटतो. ‘सी हिम थ्रू’ म्हणजे अडचणीत शेवटपर्यंत त्याला साथ देणे. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचा खोटेपणा ओळखणे. एकात तो आपला माणूस आहे, दुसऱ्यात तो ढोंगी आहे! इतर ठिकाणी जागा चुकली तर ऐकणारा समजून घेतो. ‘टर्न ऑफ इट’ म्हटले म्हणून पंखा बंद व्हायचा राहत नाही. इथे मात्र जपावे.

घरचा अभ्यास

पुढील वाक्यांत नावाऐवजी सर्वनाम घाला. आधी स्वतः करा, मग उत्तर पाहा.

१. स्विच ऑन द लाइट. २. थ्रो अवे द पेपर्स. ३. वेक अप युवर ब्रदर. ४. लुक आफ्टर युवर मदर. ५. राइट डाऊन द नंबर. ६. वेट फॉर द चिल्ड्रेन.

उत्तरे : १. स्विच इट ऑन. २. थ्रो देम अवे. ३. वेक हिम अप. ४. लुक आफ्टर हर. ५. राइट इट डाऊन. ६. वेट फॉर देम.

चौथ्या आणि सहाव्या वाक्यात सर्वनाम शेवटी का, हे मुलांनी आई-वडिलांना समजावून सांगावे. दिवसातून दहा वेळा दिवा लावतो, नळ बंद करतो, भांडी उचलतो. तेवढ्या वेळी मोठ्याने म्हणावे, ‘स्विच इट ऑन’, ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक देम अप’. पाठांतराला वेगळा वेळ काढायची गरज नाही.

शेवटी एक महत्त्वाचे

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधीच्या आम्हा बहुतेकांना ती पाचवीत भेटली, तीही फळ्यावर. कानावर पडली नाही. ज्याच्या कानावर भाषा पडलेली नाही त्याची ‘इट’ची जागा चुकणारच. तो अडाणीपणा नव्हे. ज्यांना घरात ती आयती मिळाली त्यांनी त्यात फुशारकी मारण्यासारखेही काही नाही.

इंग्रजीत आणखी एक जोड-क्रियापद आहे, ‘पुट डाऊन’. ‘पुट द बॅग डाऊन’ म्हणजे पिशवी खाली ठेव. पण ‘ही पुट मी डाऊन’ म्हणजे त्याने माझा पाणउतारा केला. वस्तू खाली ठेवावी, माणसाला खाली पाहायला लावू नये. घरात लेकरांनी आईच्या इंग्रजीला हसू नये, जेवढे येते तेवढे तिला सांगावे. कामावर सोबत्याने चुकीचे वाक्य म्हटले तर चारचौघांत सुधारू नये, नंतर बाजूला घेऊन सांगावे. आणि आयांनीही चूक झाली म्हणून गप्प बसू नये. पुन्हा बोलावे. भाषा ही बोलणाऱ्याला येते, गप्प बसणाऱ्याला येत नाही.

तीन शब्दांच्या जोड-क्रियापदांविषयी पुढे कधीतरी बोलू. तोवर या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने निदान पाच वाक्ये तयार करून रात्री जेवताना एकमेकांना ऐकवावीत.